अल्पशा आजाराने नव्हे

अक्का गेल्याची बातमी मला मजकूर म्हणून मिळाली. बेळगावला आमच्या दैनिकाच्या कचेरीत पानं लावण्याची घाई चालली होती आणि हुबळीहून अण्णांचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. लाइन खराब होती. अण्णा म्हणाले, "लिहून घे." लग्नसराईच्या आधी दुकानाची जाहिरात सांगायला ते असाच फोन करत, म्हणून मी कागद ओढला आणि ते सांगतील तसं सवयीने उतरवत गेलो. "आमच्या भगिनी... यांचे अल्पशा आजाराने... हुबळी येथे राहत्या घरी..." मग लिहिलेलं 'भगिनी' माझ्या ध्यानात आलं. आम्हाला बहीण एकच.

"अण्णा, अक्का?"

"होय. पहाटे. पुढचं घे."

"अल्पशा कसं म्हणता? चार वर्षं झाली."

"अल्पशा लिही. तशी पद्धत आहे. पेपरात काम करतोस आणि मी तुला शिकवू?"

मजकूर सांगितला तसा छापला गेला. ती जाहिरात होती, आणि जाहिरातीतले शब्द देणाऱ्याचे असतात. संपादकीय खात्याने त्यांना हात लावायचा नसतो. पण त्या काळ्या चौकटीत तीन चुका होत्या आणि त्या नोंदवणं हे माझं काम आहे. आजार अल्पसा नव्हता. हुबळीचं घर तिचं राहतं घर उरलं नव्हतं. आणि 'शांतपणे' हा शब्द अण्णांनी मागाहून दुसरा फोन करून घालायला लावला. अक्काने जन्मात कुठलीच गोष्ट शांतपणे केली नाही. चौथी चूक छापली गेली नाही. ती हुबळीच्या घरी सोप्यात येऊन बसणाऱ्यांच्या तोंडी होती. "बिचारीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, तेवढं बरं झालं," असं एक जण म्हणे आणि बाकीचे माना हलवत. अण्णाही हलवत. या लेखाचं कारण ते वाक्य आहे. अक्काला सगळं कळलं होतं. आपल्याला काय झालंय, त्यावर काय करतायत, ते कशासाठी करतायत आणि ते कधी थांबणार, हे सगळं. तिला ते कुणी आपणहून सांगितलं नाही, एवढाच सोप्यातल्या मंडळींच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे.

अक्का अण्णांच्या पाठची आणि माझ्याहून पुष्कळ मोठी. आमचे आजोबा मिरजेकडून हुबळीला आले आणि बाजारात कापडाचं दुकान घालून बसले. नवरा गेल्यावर अक्का दोन वर्षांच्या शैलाला घेऊन माहेरी आली, आणि अण्णांनी तिला दुकानातला खणांचा आणि ब्लाउजपीसचा कोपरा दिला. दिला म्हणजे बसवलं. घरी ती चार ओळखीच्या बायकांची ब्लाउजंही बेतून द्यायची. तिच्या हाताला चूक नव्हती आणि जिभेला लगाम नव्हता. "अक्का, पाऊण मीटर पुरंल की," असं एखादी म्हणाली की अक्का कापड फाडायच्या आधी तिला खालपासून वरपर्यंत बघायची. "पुरंल की. पाठ उघडी टाकून हिंडायचं असंल तर अर्धासुद्धा पुरंल." अण्णा गल्ल्यावरून डोळे मोठे करत. ती बाई गेल्यावर म्हणत, "गिऱ्हाइकं तोडायलीस तू." त्यावर अक्का म्हणायची, "तुटून जातंय कुठं? तुझ्या दुकानात येतंय माझ्यासाठी." ते खरं होतं, म्हणून अण्णांना जास्त लागायचं.

दुपारी दुकान ओसरलं की ती बोटाने मिश्री लावायची. त्याच बाजूच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. आणीबाणी उठून तेव्हा दोन वर्षं झाली होती. अण्णांनी निदान केलं, उष्णता. लोणी लावून झालं, लवंगेचं तेल झालं, कुणा वैद्याचा काढा झाला. चट्ट्याची गाठ झाली, तोंड पुरतं उघडेना, तरी गावाबाहेरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात न्यायला अण्णा तयार नव्हते. "त्या फाटकातनं आत जाताना कुणी बघितलं तर?" ते म्हणाले. घरात लग्नाची मुलगी होती, हा त्यांचा मुद्दा. शेवटी अक्काच एकटी रिक्षात बसून निघाली, तेव्हा अण्णा मागोमाग चढून बसले, आणि रिक्षा फाटकाच्या बरीच अलीकडे थांबवायला लावली.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मी सुट्टी घेऊन हुबळीला होतो. जे पाहिलं ते सांगतो. अक्का खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी तिच्या गालात बोट घालून पाहिलं, हात धुतले, आणि अण्णांना खुणेने बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तिथे इंग्रजीतून बोलणं झालं. अण्णा मॅट्रिकपर्यंत शिकलेले. निम्मं कळलं असेल. डॉक्टर कानडी, अक्का मराठीइतकंच कानडी बोलणारी. दोघांना दुभाष्याची गरज नव्हती. तरी गाल जिचा ती आत, आणि गालाची चर्चा बाहेर. अण्णा परत आले ते हसत आले. "काही नाही ग. सूज आहे. दाढा काढायच्या आणि थोडे दिवस शेक घ्यायचा."

"सुजेला सगळ्या दाढा कशाला काढतात?" अक्काने विचारलं.

अण्णा रिक्षा बघायला गेले.

त्या उपचाराला आमच्याकडे दोन नावं आहेत. मराठी माणसं शेक म्हणतात आणि कानडी माणसं करंट. दोन्ही चूक आहेत, कारण त्यात ऊबही नसते आणि वीजही नसते. पण दोन्ही नावं घरगुती आहेत आणि भीती झाकायला बरी पडतात. अक्काला झाकाझाकीचा राग होता. दात काढल्यावर तोंडात बोळे असतानाच तिने मला माडीवर बोलावलं. "तू रोज इंग्रजी तारांचं मराठी करतोस ना? मग एकदा माझं कर की. जा, त्या डॉक्टरला विचारून ये. आणि मला शेंडी लावू नकोस. अण्णा लावायलाय तेवढी पुरे."

मी गेलो. मी वर्तमानपत्रात आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मला बसवलं, चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. हेच पेशंटला का सांगत नाही, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "बायकांना कशाला घाबरवायचं?" माणूस वाईट नव्हता. त्या काळी सगळे असंच करत, आणि अजूनही करतात.

परत येऊन मी तिला एकेक शब्द सांगितला. ती ब्लाउज बेतत होती. कॅन्सर हा पहिला शब्द. तिने कात्री खाली ठेवली नाही. "हं. पुढं." कोबाल्ट हे धातूचं नाव, तो शिशाच्या जाड पेटीत बंद असतो, पेटीची खिडकी उघडली की किरण बाहेर येतात, मिटली की थांबतात. पेशंटला काही जाणवत नाही. मार्किंग म्हणजे गालावर जांभळ्या रंगाने काढायच्या रेघा. फील्ड म्हणजे त्या रेघांच्या आतली जागा. किरण तेवढ्यावरच पडले पाहिजेत, म्हणून उपचार संपेपर्यंत रेघा पुसायच्या नाहीत, गालाला पाणी, तेल, साबण लावायचा नाही. फ्रॅक्शन म्हणजे पुऱ्या डोसचा रोजचा वाटा. सगळा डोस एकदम दिला तर चांगलं मांसही जळेल. रोज थोडा दिला तर चांगलं मांस दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतं, रोगाचं तितकं सावरत नाही.

"म्हणजे सासूच्या बोलण्यागत," अक्का म्हणाली. "रोज थोडं थोडं."

रिअ‍ॅक्शन म्हणजे कातडी काळवंडणं, तोंड सोलणं, चव जाणं, थुंकी आटणं. हे होणारच, आणि झालं म्हणजे काही बिघडलं असं नव्हे. मग शेवटचे दोन शब्द उरले. रॅडिकल म्हणजे रोग मुळातून घालवायचा इरादा. त्याला पुरा डोस लागतो, पाच-सहा आठवडे. पॅलिएटिव्ह म्हणजे बरं होण्याची आशा नाही, पण दुखणं, रक्त, वास कमी करायचा; त्याला थोडा डोस, थोडे दिवस.

"मला कुठला?"

"रॅडिकल."

"अण्णाला माहिती आहे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग असं तोंड पाडून का बसलाय? बहीण बरी होणार म्हणून?" ती कात्री चालवत राहिली. मग म्हणाली, "लांब दिला तर आशा आहे, आखूड दिला तर नाही. एवढं लक्षात राहील. कापड किती मागतात त्यावरनं गिऱ्हाइकाचा बेत कळतोय की."

शेक सुरू झाला आणि वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, अक्काचं ताट-वाटी वेगळी काढली. पोरांना तिच्याजवळ जायची बंदी झाली. किरण अंगातून बाहेर येतात, असं वहिनींना कुणी सांगितलं होतं. किरण अंगात राहत नाहीत, पेटी मिटली की संपले, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा "होय काय?" म्हटलं आणि ताट वेगळंच ठेवलं. अक्का मग मुद्दाम संध्याकाळी त्यांच्या पाण्याच्या हंड्याला टेकून बसायची. "दिवा घालवा बघू वहिनी, चमकते काय मी?" समाचाराला येणाऱ्या बायका आणखी वरच्या. तोंड फार चालवलं म्हणून तोंडालाच झालं, असं एका काकूंनी स्वयंपाकघरात म्हटलं, ते अक्काने ऐकलं. बाहेर आल्यावर त्यांना पाट दिला आणि विचारलं, "काकू, तुमचे गुडघे धरलेत ना? कुठं कुठं गेला होता गुडघ्यांनी?" काकू पुन्हा आल्या नाहीत.

आता रेघांची हकिगत. शैला तेव्हा बारावीच्या वर्गात होती आणि तिला पुढे धारवाडला बी.एस्सी.ला जायचं होतं. अण्णांनी तिच्यासाठी अळणावरचं स्थळ आणलं. लाकडाची वखार, एकुलता मुलगा. बघायला येण्याचा दिवस ठरला तो अक्काच्या उपचाराच्या ऐन मध्यावर. डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत जांभळी चौकट घेऊन मुलीची आई पाहुण्यांपुढे कशी बसणार? अक्का म्हणाली, मी आत बसते. अण्णा म्हणाले, आई असून आत बसली तर विचारतील. मग त्यांनी उपाय सांगितला. तो सुचायला कापडवालाच हवा. "अग, रेघाच आहेत. पुसू, आणि पाहुणे गेले की परत काढू. तीस वर्षं माप मोजायलोय, सुतानं चुकलो नाही आजवर."

अक्का त्या एका वेळेला ऐकली. छप्पर अण्णांचं होतं आणि छपराखाली तिची मुलगी होती, याहून वेगळं कारण मला माहीत नाही. मी त्या दिवशी बेळगावात होतो. पुढचं शैलाने सांगितलं. अण्णांनी टेप लावून कानाच्या पाळीपासून, नाकपुडीपासून, हनुवटीपासून अंतरं घेतली आणि दोनदा पडताळून पाहिली. वहिनींनी खोबरेल आणि बेसन लावून गाल चोळला. शेकाने ती कातडी आधीच कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. पाहुणे आले, शिरा खाल्ला. दाढा काढल्यात म्हणून तोंड सुजलंय, हे त्यांना पटलं. ते गेल्यावर अण्णांनी अक्काला दिव्याखाली खुर्चीत ताठ बसवलं आणि तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध काडीवर घेऊन, पोलादी पट्टी धरून, चौकट परत काढली. शैला म्हणते, दवाखान्यातल्यांपेक्षा त्या रेघा सरळ होत्या. अण्णा मागे सरून बघत म्हणाले होते, "सांग आता, कुठली कुणाची!"

दुसऱ्या दिवशी अक्का यंत्राखाली निजली. किरण सोडण्याआधी खोलीत अंधार करून यंत्रातून साधा उजेड गालावर पाडतात आणि त्याची चौकट रेघांवर बसवतात. रोज तो उजेड तिच्या डोळ्याच्या खालीच संपायचा. त्या दिवशी तो डोळ्यात आला. तिने विचारलं, तेव्हा यंत्र चालवणारा म्हणाला, रेघेवर बरोबर बसलाय. बसला होताच, रेघच जागेवर नव्हती. घरी येऊन तिने आरशात पाहिलं आणि तिला कळलं. मग अण्णांना गाठलं. हे भांडण शेजाऱ्यांनीही ऐकलं आहे.

"उभ्याचं माप निजल्यावर लागत नाही, हे तीस वर्षांत तुला कळलं नाही होय? मान वळवून निजवतात मला. गाल सरकतोय की!"

"हळू बोल."

"डोळ्यावर येतंय ते. उद्या डॉक्टरला सांगून परत काढून घेते."

"अळणावरचा निरोप येईपर्यंत गप्प बस. तिथं बोभाटा झाला तर गेलं स्थळ."

"निरोप कधी?"

"आठ-दहा दिवस."

"आठ-दहा दिवस चांगल्या डोळ्याला शेक, आणि रोगाला सुट्टी?"

"स्थळ मोडलं तर पोरगी तुझ्या गळ्यात. मग मला विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुबळीला पोचलो आणि तिच्याबरोबर गेलो. अण्णाही आले, लक्ष ठेवायला. यंत्राच्या खोलीत तो माणूस म्हणाला, "मलगरी, अक्कारं." ती निजली नाही. टेबलाशेजारी उभी राहिली. "डॉक्टरना बोलाव. तोवर मी निजत नाही." बाहेर रांग होती. डॉक्टर आले ते वैतागूनच आले.

"काय झालं?"

"ह्या रेघा तुमच्या नव्हेत," अक्का कानडीत म्हणाली. "माझ्या भावाच्या आहेत."

डॉक्टरांनी तिला निजवलं, मान वळवली, दिवा पाडला. उजेड डोळ्यावर आलेला पाहून त्यांनी पुन्हा मार्किंग करायला सांगितलं आणि व्हरांड्यात येऊन अण्णांना उभं केलं. या वेळी ते इंग्रजीत बोलले नाहीत. कॅन्सर हा शब्द त्यांनी कानडीत, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, अनेकदा उच्चारला. रेघा ज्या अवस्थेत काढतात त्याच अवस्थेत त्यांना अर्थ असतो, असं त्यांनी सांगितलं. अण्णा ऐकत नव्हते. रांगेत ओळखीचं कुणी आहे का ते बघत होते. एक दिवस फुकट गेला, त्याने पुढे काय बिघडलं, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मीही त्याहून जास्त लिहीत नाही.

अळणावरची मंडळी आठवड्याने बोलणीला आली. अण्णांनी अक्काला शेजारी जाऊन बसायला सांगितलं होतं. ती बाहेरच्या सोप्यात, दाराच्या समोर, कापड पसरून बसली, गालावर ताज्या रेघा घेऊन. मुलाच्या आईने चप्पल काढता काढता विचारलं, "हे काय हो, गालावर?"

"कोबाल्टच्या रेघा. तोंडाचा कॅन्सर आहे. पुरा शेक चाललाय, बरं व्हायचा. या की, बसा."

चहा झाला. बोलणी झाली नाहीत. त्यानंतर अण्णा अक्काशी कामापुरतं बोलायचे, तेही वहिनींमार्फत. शैला धारवाडला कॉलेजात गेली आणि तिथेच केलगेरीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. लग्न मोडल्याचं दुःख त्या मुलीने कधी केलं नाही.

अक्का बरी झाली. दात नसलेल्या, एका बाजूने आक्रसलेल्या तोंडाने ती दुकानात बसू लागली, आणि गिऱ्हाइकं परत आली. तिला भाकरी दुधात कुस्करून खावी लागे, आमटीची चव लागत नसे; पण टोमणा स्पष्ट उमटत असे. चौथ्या वर्षी, शैलाची शेवटची परीक्षा तोंडावर असताना, मानेला गाठ आली. पुन्हा तेच डॉक्टर, तोच व्हरांडा. अण्णा आत आले. "या वेळी दहाच दिवस," ते म्हणाले. "आजार थोडा, म्हणून शेक थोडा. डॉक्टरच म्हणाले."

माझ्या धंद्यात खोट्या बातम्या पुष्कळ पाहाव्या लागतात. इतकी चांगली रचलेली मी पाहिली नाही. आकडा खरा होता आणि अर्थ नेमका उलटा, आणि साध्या माणसाला तो उलटा अर्थच पटावा असा. अण्णांना स्वतःला तो अर्थ खरा वाटत होता का, असं कुणी विचारेल. वाटत नव्हता. घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन 'पॅलिएटिव्ह' हाच शब्द सांगितला, आणि तिला सांगायचं नाही असं बजावलं. मला सांगावं लागलं नाही. मार्किंगच्या दिवशी अक्काने डॉक्टरांना गाठलं. अण्णा शेजारी उभे होते.

"गुणा आगाको, नोवु कडमी आगाको?" तिने विचारलं. बरं व्हायला, की दुखणं कमी व्हायला?

डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं.

"त्याच्याकडं बघू नका. मान माझी आहे."

"दुखणं कमी व्हायला," डॉक्टर म्हणाले.

"मग द्या," ती म्हणाली. "दुखायलंय फार."

तिने रडारड केली नाही आणि उपचार नाकारलाही नाही. थोडा शेक कशासाठी असतो ते तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठी तिने तो घेतला. त्याच संध्याकाळी कात्री आणि दोन लुगडी पिशवीत घालून ती शैलाच्या खोलीवर जायला निघाली. अण्णा दारात आडवे आले. "लोक म्हणतील, भावानं आजारी बहिणीला बाहेर काढलं."

"भावानं काढलं नाही, मी भावाला सोडलं म्हणून सांग."

पुढचे दिवस ती धारवाडहून बसने ये-जा करायची, शैला बरोबर असायची. मी तिला शेवटचं भेटलो ते केलगेरीच्या त्या खोलीत. शैलाच्या मैत्रिणी परीक्षेपुरत्या नातेवाइकांकडे गेल्या होत्या. खोलीत एक खाट, एक टेबल, रॉकेलचा स्टोव्ह. खाटेशेजारच्या भिंतीवर, उशीच्या उंचीवर, एक हातभर आरसा टांगलेला होता. इतका खाली आरसा कशाला, असं मी विचारलं. अक्काने मान वळवून, यंत्राखाली निजत असे तशी निजून दाखवली, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "रेघा हलल्या काय ते बघायला. उभी राहून बघितलं तर तुझ्या अण्णासारखं व्हायचं."

शैला फिजिक्स वाचत होती. मधेच तिने आईला सांगितलं की कोबाल्टही झिजतो. पाच-साडेपाच वर्षांत त्याची ताकद निम्म्यावर येते, त्याला हाफ-लाइफ म्हणतात, म्हणून तर यंत्राखाली पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ निजवतात. अक्काच्या ते लक्षात आलंच होतं. कारण ठाऊक नव्हतं. ती ऐकून खूष झाली. "म्हणजे तोही म्हातारा झाला म्हण की. दोघं बरोबरच संपायलोय." मग शैलाकडे बोट करून मला म्हणाली, "हिला सगळं सांगितलंय मी. किती दिवस आहेत तेही. पेपर चुकवायचा नाही म्हणून शपथ घेतलीय तिच्याकडनं. सुतक परीक्षेला लागत नाही." एवढं बोलून तिला दम लागला. त्या वेळी तोंडात जीभ नीट फिरत नव्हती, पण एकही शब्द मला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.

शेक संपून पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा ती गेली. त्या खोलीत, पहाटे. शैलाचे दोन पेपर राहिले होते. अण्णा गाडी घेऊन आले आणि तिला हुबळीला घेऊन गेले. राहत्या घरी, म्हणजे त्यांच्या. मी बेळगावहून पोचलो तेव्हा वहिनी तिला अंघोळ घालून झाल्या होत्या. मानेवरच्या रेघा फिकट झाल्या होत्या, तरी तोवर होत्या, असं शैलाने सांगितलं. त्या खोबरेल आणि बेसन लावून पुसून काढल्या होत्या. ती 'राहू दे' म्हणत होती. "लोक येणार आहेत दर्शनाला," वहिनी म्हणाल्या. लोक आले. चेहरा किती स्वच्छ दिसतोय, असं त्यांनी म्हटलं.

पेपरच्या सकाळी शैला केस विंचरून सोप्यात आली. बैठक भरलेली होती. अण्णा उठले.

"कुठं? आईचं सुतक आहे. तेराव्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही."

"आईनंच जायला सांगितलंय मामा."

"कधी सांगितलं?"

"तिला सगळं माहिती होतं, तेव्हा."

"तिला काय माहिती होतं? काही कळलं नाही तिला."

"पहिल्यापासून," शैला म्हणाली, आणि चप्पल घालून बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग गेलो. सोप्यातल्या एकानेही मान हलवली नाही. पण तेराव्याला मी पुन्हा गेलो तेव्हा तेच लोक तेच वाक्य बोलत होते. काही वाक्यं खोटी ठरल्यामुळे मरत नाहीत.

शैलाने दोन्ही पेपर दिले. निकाल अजून लागायचा आहे. हुबळीला ती परतलेली नाही. केलगेरीची खोली तिने ठेवली आहे आणि जवळच्या एका शाळेत नोकरीसाठी विचारून आली आहे. परवा मी गेलो होतो. ती बाहेर निघायच्या घाईत होती. आरसा तसाच भिंतीवर, उशीच्या उंचीवर. त्याच्या लाकडी चौकटीला एका जागी जांभळा डाग आहे, बोटाएवढा. वेणी घालायला तिला खाटेवर आडवं व्हावं लागलं, मान वळवून. खिळा काढून वर ठोकून देतो, मी म्हटलं.

"नको मामा," ती आरशातूनच म्हणाली. "हलवला तर शिव्या घालंल."